पापणी लवली की पुतळा हलतो



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात आमच्यातल्या एका आजींनी नातवाचा विषय काढला. पोरगं सहा वर्षांचं. चार दिवस झाले, शाळेला जाताना देवळाजवळून जायला तयार नाही. लांबचा ओढ्याकडचा रस्ता धरतं. रात्री लघवीला उठलं की आजीला उठवतं. आजीनं दारात उभं राहायचं आणि समोरच्या अंधाराकडं टक लावून बघत राहायचं. पापणीसुद्धा लववायची नाही, असा त्याचा हट्ट.

देवळाबाहेर वीरगळ आहेत. लढाईत पडलेल्या वीरांच्या नावानं उभे केलेले जुने कोरीव दगड, गावोगावी असतात तसे. ते आपण बघत नसताना हलतात, असं ह्या पोरानं मनात घेतलं होतं.

एकजण हसली, म्हणाली, "लईच भित्रं हाय की." दुसरी म्हणाली, बाहेरचं काही असंल, अंगारा लावा. तिसरीनं विचारलं, "मोबाईलवर काय बघतो तो?" तिथं धागा सापडला. चुलत भावाच्या मोबाईलवर त्यानं एका इंग्रजी मालिकेचा तीन-चार मिनिटांचा तुकडा पाहिला होता. आम्ही तो मागवून घेतला आणि दुपारी दोन वाजता, लख्ख उजेडात, तिघींनी मिळून पाहिला. खोटं कशाला बोला, आमच्यातली एक त्यानंतर भिंतीला पाठ लावून बसली.

त्या पोराला त्यातला एक शब्द कळला नव्हता. तरी ते घाबरलं. असं का होतं, कुठल्या वयाला कशाची भीती वाटते आणि घाबरलेल्या लेकराला काय सांगितलेलं पोचतं, ह्याबद्दल आज बोलायचं आहे. त्यासाठी थोडं लांब, इंग्लंड-अमेरिकेला जाऊन यावं लागेल. कारण ती मालिका तिकडची, आणि तिच्यामुळं लेकरं घाबरण्याची गोष्टही साठ वर्षं जुनी.

मालिकेचं नाव 'डॉक्टर हू'. बीबीसीवर ती २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी, चहाच्या वेळेला, घरातले लहानथोर मिळून बघतील अशा बेतानं लागायची. नायक स्वतःला नुसतं 'डॉक्टर' म्हणवतो. त्याच्याकडं एक निळी पेटी आहे, माणूस आत उभा राहील एवढी. बाहेरून लहान, आतून प्रशस्त. तिच्यात बसून तो कुठल्याही काळात आणि कुठल्याही ग्रहावर जातो. १९८९ साली मालिका थांबली, २००५ साली परत सुरू झाली.

तिच्या जन्मात बायांचा वाटा मोठा आहे, तो सांगितल्याशिवाय आम्हाला पुढं जाववत नाही. पहिल्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट. काम हातात घेतलं तेव्हा वय सत्तावीस, आणि बीबीसीच्या नाट्यविभागात त्यांच्या तोडीच्या हुद्द्यावर दुसरी बाई नव्हती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन, आपल्या लखनौला जन्मलेले. मालिकेच्या सुरुवातीला वाजणारी, अंगावर काटा आणणारी धून रॉन ग्रेनर ह्यांनी लिहिली. पण ती प्रत्यक्ष कानावर पडेल अशी घडवली डेलिया डर्बिशायर ह्या बाईंनी. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती. एकेक सूर वेगळा टेपवर घ्यायचा, टेप कात्रीनं कापायची, तुकडे चिकटवायचे, असं करत त्यांनी ती धून जोडली. निळी पेटी उडते तेव्हा येणारा घरघर आवाज तर जुन्या पियानोच्या तारांवरून घराची किल्ली खरडून काढलेला. आम्ही रेडिओवाल्या, आवाजापाशी रेंगाळतोच. पण त्याला कारणही आहे. चित्रातली अर्धी भीती कानानं आत येते. पोर डोळ्यांवर हात ठेवतं तेव्हा आवाज चालूच असतो. टीव्हीचा आवाज बंद करून भीतीदायक प्रसंग एकदा बघा, म्हणजे कळेल.

सुरू झाल्यावर महिनाभरातच मालिकेत डालेक आले. धातूच्या मोठ्या मिरीदाणीसारखे दिसणारे, घरंगळत चालणारे आणि कर्कश एकसुरी आवाजात मारून टाकायची आज्ञा देणारे. त्यांचा एक हात म्हणजे मोरी तुंबल्यावर वापरायचा रबरी दट्ट्या. आत एक नट बसून ते चालवायचा. तरी इंग्लंडातली पोरं टरकली. आणि गंमत बघा, तीच पोरं दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात हात पुढं ताणून, तोच आवाज काढत डालेक डालेक खेळायला लागली. 'सोफ्यामागं लपून पाहिलेली मालिका' ही तिकडची म्हणच होऊन बसली. लपायचं, पण खोलीतून जायचं नाही. कारण सोफ्यावर आई-बाप बसलेले असायचे.

आता आमच्या गावच्या पोरानं पाहिलेला तुकडा. ज्या भागातला तो आहे, तो ९ जून २००७ ला दाखवला गेला. लेखक स्टीव्हन मोफॅट. एका पडक्या वाड्यात दगडाच्या देवदूतांचे पुतळे आहेत, पंख असलेले, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत असल्यासारखे. तुम्ही त्यांच्याकडं बघत आहात तोवर ते दगड. नजर हटली, नुसती पापणी लवली, की ते जवळ येतात. परत बघावं तर पुन्हा दगडच, पण आता हात तोंडावरून खाली आलेले. पुन्हा पापणी लवते, आणि तोंड उघडलेलं, दात दिसतात. मग तळघरातला दिवा लुकलुकायला लागतो. आपल्याकडच्या वीज जाण्या-येण्याची सवय असलेल्या माणसाला ते काय असतं हे वेगळं सांगायला नको.

ह्या भागात पुतळा हलताना एकदाही दाखवलेला नाही. इथंच लेखकाचं कसब आहे. हलणं आपलं आपण मनात भरून काढायचं. मोफॅट ह्यांनी सांगितलंय की ही कल्पना मुलांच्या एका खेळावरून सुचली. एकानं पाठ करून उभं राहायचं, बाकीच्यांनी मागून हळूहळू पुढं यायचं, त्यानं वळून पाहिलं की जागच्या जागी थिजायचं. तिकडं त्या खेळाला आजीची पावलं म्हणतात. आपल्याकडं पोरं 'स्टॅच्यू' खेळतात, त्याच जातीचा खेळ. ते पुतळेही दगडाचे नव्हते. रंग आणि मुखवटे चढवून श्वास रोखून उभ्या राहिलेल्या बायका होत्या त्या.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. हे पुतळे माणसाला मारत नाहीत. शिवले की माणूस जुन्या काळात जाऊन पडतो, आणि तिथंच उरलेलं आयुष्य जगतो. एक तरुण पोलीस असा १९६९ सालात जाऊन पडतो. आज म्हातारा होऊन दवाखान्याच्या खाटेवर त्या नायिकेला पुन्हा भेटतो. त्याच्यासाठी चाळीस वर्षं गेलेली, तिच्यासाठी काही तास. आम्हाला तिथं डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवट असा, की चार पुतळे निळ्या पेटीला चारी बाजूंनी घेरून उभे राहतात, तेवढ्यात पेटी मधून नाहीशी होते, आणि चौघांची नजर एकमेकांवर पडते. झालं. आता कुणालाच हलता येत नाही. ते तसेच, कायमचे.

आमच्या पोरानं ह्यातलं काय पाहिलं होतं? दात. तेवढंच. त्या तुकड्याला ना आगा होता ना पिछा.

भीतीदायक भागांवरून तिकडं भांडणंही खूप झाली, आणि ती आपल्या कामाची आहेत. पहिलं भांडण १९६४ सालचं. एका भागात गोंधळून गेलेली एक मुलगी कात्री घेऊन गादीवर सपासप वार करते. राक्षस नाही, रक्त नाही. पण बीबीसीतल्याच लोकांनी हरकत घेतली: कात्री प्रत्येक घरात असते, उद्या एखादं पोर तसंच करायला जाईल. लॅम्बर्टबाईंनी चूक कबूल केली. डालेकसारखी बंदूक पोराला कुठून मिळणार? कात्री मात्र शिलाई मशीनवरच पडलेली असते. हा फरक साठ वर्षांपूर्वी एका टीव्ही कचेरीत ओळखला गेला, आणि आम्हाला तो अजूनही फार मोलाचा वाटतो. पोर काय बघून घाबरतं ते एक, आणि काय बघून तसंच करू जाईल ते वेगळं.

दुसरं भांडण जानेवारी १९७१ मधलं. त्या कथेत प्लास्टिकला जीव येतो. खुर्ची माणसाला गिळते, फोनची वायर गळा आवळते, खेळण्यातली बाहुली उठून मारायला येते, आणि पोलिसाच्या चेहऱ्यावरचा मुखवटा काढावा तर खाली चेहराच नाही. घरोघर लेकरं आपल्याच बाहुल्यांना घाबरून झोपेनात, अशा तक्रारी झाल्या. निर्माते बॅरी लेट्स ह्यांनीही पुढं मान्य केलं की तेव्हा जरा जास्तच झालं. त्या काळात डॉक्टरची भूमिका करणारे जॉन पर्टवी एक गोष्ट नेहमी सांगायचे. हिमालयात हिममानव भेटला तर त्यात नवल नाही, पण तो आपल्याच गल्लीतल्या घरात संडासात बसलेला सापडला, तर खरी भीती. आजींच्या नातवाचं तेच झालं होतं. वाडा लंडनचा, पण पुतळे त्याच्या शाळेच्या वाटेवर उभे होते.

तिसरं भांडण सगळ्यात गाजलं. मेरी व्हाइटहाउस ह्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी १९६४ साली टीव्हीवरच्या घाणीविरुद्ध मोहीम सुरू केली होती. बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमधली त्यांची पहिली सभा खच्चून भरली होती. पुढं त्यांनी संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं बीबीसीच्या मागं लागल्या. १३ नोव्हेंबर १९७६ च्या भागाचा शेवट असा होता: एकजण डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबून धरतो, आणि त्याच चित्रावर भाग थांबतो. पुढचं पुढच्या शनिवारी. व्हाइटहाउसबाईंनी कडक तक्रार केली. बीबीसीच्या प्रमुखांनी माफी मागितली, आणि पुढं तो भाग पुन्हा दाखवताना ते चित्र कापलं. निर्मात्यांना दुसऱ्या कामावर पाठवलं, आणि नव्या निर्मात्यांना सांगितलं, जरा हलकं घ्या.

ह्या बाईंची पुष्कळांनी टिंगल केली. त्यांचं सगळंच आम्हाला पटत नाही. जे आपल्याला आवडत नाही ते कुणीच बघू नये, हा त्यांचा सूर आमच्या घशाखाली उतरत नाही. मालिकेवर जीव टाकणारे प्रेक्षक तेव्हा कोटीच्या वर होते, आणि भीती वाटते म्हणूनच ते बघत होते. पण ह्या एका बाबतीत बाईंनी नेमकं हेरलं होतं. पाण्याखाली डोकं ही गोष्ट भयंकर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तिथं गोष्ट थांबवणं. मोठ्या माणसाला ठाऊक असतं की नायक वाचणार. चार वर्षांच्या पोराला ते ठाऊक नसतं, ते आठवडाभर तेच चित्र डोळ्यांपुढं घेऊन झोपतं. मोबाईलवरचे तुकडे म्हणजे तसलेच अर्धवट थांबलेले शेवट. फक्त इथं पुढचा शनिवार येतच नाही.

पुढं २००५ नंतर मालिका परत आली, तेव्हा बीबीसीनं एक चांगली युक्ती केली. काही मुलांना भाग आधी दाखवायचे, आणि किती भीती वाटली हे त्यांच्याच तोंडून लोकांना सांगायचं. आई-बापांना आधीच अंदाज यायचा. आम्हाला हे बंदीपेक्षा बरं वाटतं.

आता मुख्य प्रश्न. कुणाला कशाची भीती वाटते?

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर नावाच्या प्राध्यापिका होत्या. मुलं टीव्ही बघून का घाबरतात, हाच त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. १९८० च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आई-बापांना विचारलं, तुमची मुलं काय बघून घाबरतात? उत्तरात एक नाव पुन्हा पुन्हा आलं: 'द इनक्रेडिबल हल्क'. अभ्यास करणारे चक्रावले. कारण ती मालिका भुताची नव्हती. एक भला शास्त्रज्ञ, किरणांचा अपघात झालेला. राग आला की तो हिरवा, दांडगा राक्षस होतो आणि अडल्यानडलेल्यांना सोडवतो. आपल्याकडच्या शक्तिमानसारखा, मदतीलाच धावणारा. मग भीती कशाची?

त्यांनी मुलांना मालिका दाखवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. तीन ते पाच वर्षांची लेकरं तो माणूस हिरवा झाल्यावर जास्त घाबरत होती. म्हणजे संकट टळायची वेळ आली, की ह्यांना धडकी. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना तिथं तेवढी भीती नव्हती, कारण हा आपलाच माणूस आहे हे ती धरून होती. लहानग्यांना मात्र, जे दिसतं तेच खरं. माणसाचा राक्षस झाला, तर आत तोच माणूस आहे हे त्यांच्या मनाला धरवत नाही.

ह्याच मंडळींनी आणखी एक प्रयोग केला, तो आम्हाला फार आवडला. एका म्हातारीची छोटी चित्रफीत चार प्रकारे बनवली. एकीत म्हातारी गोड दिसणारी आणि मांजराला मायेनं वागवणारी. दुसरीत गोड दिसणारी, पण मांजराशी दुष्टपणे वागणारी. तिसरीत कुरूप, चेटकिणीसारखी, पण मायाळू. चौथीत कुरूप आणि दुष्ट. मुलांना विचारलं, म्हातारी चांगली की वाईट? लहानग्यांनी रूपावरून सांगितलं, मोठ्यांनी वागण्यावरून. आमच्यातल्या एका मावशी हे ऐकून म्हणाल्या, "मोठ्यांचं तरी कुठं खरं हाय? सून बघायला जातात तवा काय बघतात?" तो विषय वेगळा, पण मुद्दा बरोबर.

ह्याच्या उलटही असतं. २० नोव्हेंबर १९८३ ला अमेरिकेत 'द डे आफ्टर' नावाचा टीव्ही-चित्रपट लागला. अणुयुद्ध झालं तर कॅन्ससमधल्या साध्या गावांचं काय होईल, ह्याची कल्पना त्यात होती. जवळजवळ दहा कोटी लोकांनी तो पाहिला. लहान मुलं उद्ध्वस्त होतील म्हणून आधीच हाकाटी झाली होती. कँटरबाईंच्या गटानं दुसऱ्या संध्याकाळी आई-बापांना फोन केले. सगळ्यात कमी हादरली होती ती लहान मुलं. त्याहून जास्त मोठी मुलं, आणि सगळ्यात जास्त स्वतः आई-बाप. अणुबाँब म्हणजे काय हे समजायला समज लागते. चेटकिणीच्या दाताला काही लागत नाही.

म्हणून 'मला ह्यात काही भीतीचं दिसत नाही' हे आपलं माप पोराला लावायचं नाही. आणि 'होईल आपोआप विसरून' ह्यावरही फार विसंबू नये. १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दोन विद्यापीठांतल्या सुमारे दीडशे विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की लहानपणी काही बघून झालेली भीती नंतरही राहिली का? दहापैकी नऊजणांनी हो म्हटलं. आणि चारातल्या एकाला तर ती अजून छळत होती. शार्कचा सिनेमा बघितला म्हणून पाण्यात न उतरणारे त्यांत होते. दाढीमिशा आलेली, शिकलेली पोरं ही.

मग घाबरलेल्या पोराला काय करायचं? "अरे, खोटं आहे ते" हे आपलं नेहमीचं औषध. मोठ्या मुलाला ते लागू पडतं. आठ-नऊ वर्षांनंतर, हे नाटक आहे, रंग लावलाय, असं स्वतःला बजावून धीर येतो. पाच-सहा वर्षांच्या आतल्या पोराला ते शब्द वरून वाहून जातात. भीती आधी अंगात शिरते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो. तेव्हा औषधही अंगालाच लागतं: जवळ घेणं, गोधडी पांघरणं, कोमट दूध, घोटभर पाणी, दिवा लावणं. लहान मुलांना विचारलं तर तीही हेच सांगतात. आजी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते, तेव्हा पोर शांत होतं ते मीठमोहऱ्यांमुळं नाही, आजी पंधरा मिनिटं फक्त त्याच्याकडं बघत असते म्हणून, असं आमचं मत. कुणाला पटेल, कुणाला नाही. मात्र 'बाहेरचं आहे' असं त्याच्यादेखत म्हटलं, की झालं. पडद्यावरचं भूत आपणच घरात आणून बसवलं.

थोड्या मोठ्या मुलाला 'कसं केलं' ते दाखवण्याचा उपयोग होतो. अमेरिकेत फ्रेड रॉजर्स नावाचे गृहस्थ लहानग्यांसाठी टीव्हीवर कार्यक्रम करायचे. हल्कला पोरं घाबरतात हे कळल्यावर ते कॅमेरा घेऊन थेट त्या मालिकेच्या चित्रीकरणाला गेले. लू फेरिग्नो हा नट खुर्चीत बसलाय, हसून बोलतोय, आणि त्याच्या तोंडाला हिरवा रंग लागतोय, हे सावकाश, एकेक टप्पा दाखवलं. आपल्याकडं दशावतारात किंवा जत्रेतल्या तमाशाच्या वगात राक्षस होणारा माणूस रंग लावताना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे पटेल.

हसणं मात्र सगळ्यात वाईट. भित्रा म्हटलं की पोर घाबरायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. जबरदस्तीनं दगडाजवळ नेऊन उभं करणंही तितकंच वाईट. आणि मोबाईल पांघरुणात नेऊ देऊ नये, हे आम्ही हात जोडून सांगतो. त्या इंग्रजी पोरांना लपायला सोफा तरी होता, आणि त्यावर आई-बाप. पांघरुणात कुणी नसतं.

आता आजींचं सांगून थांबतो.

आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी आमच्याकडून गोष्टीचा शेवट दोनदा ऐकून घेतला, आणि रात्री नातवाला आपल्या भाषेत सांगितला. वाडा, दगडाची माणसं, निळी पेटी. "आन मग पेटी गेली भुर्र. चौघं बघत्यात तर समोर कोण? एकमेकच. बसले की बघत. आता पापणी लवंना, न हलता येईना." पोरानं विचारलं, "आजून तितंच हाईत?" आजी म्हणाल्या, "हाईत की. कुटं जात्याल?" तेव्हा ते पहिल्यांदा हसलं.

मग एका रविवारी आजी त्याला सकाळच्या उन्हात देवळाकडं घेऊन गेल्या. वीरगळाजवळ न्यायची घाई केली नाही, पारावर बसल्या. गल्लीतली पोरं स्टॅच्यू खेळत होती. ह्याच्यावर राज्य आलं. ह्यानं मान वळवली की सगळी पोरं दगड. तासभर त्यानं दुसऱ्या कुणाला राज्य घेऊच दिलं नाही. खेळ झाल्यावर आजींनी दगडाला हात लावून दाखवलं. खालच्या पट्टीत लढाई, त्याच्यावर अप्सरा वीराला वर घेऊन चाललेल्या, सगळ्यात वर तो पिंडीची पूजा करतोय, आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. पोरानं घोडे मोजले. तीन निघाले.

दुसऱ्या आठवड्यात ते देवळाच्या रस्त्यानं शाळेला जायला लागलं. फक्त, आजी सांगतात, वीरगळ आले की अजून उलटं चालतं, तोंड दगडांकडं करून. वळणापर्यंत असं जातं, आणि मग जे पळतं ते शाळेच्या फाटकाशीच थांबतं.